सर्पविष आणि पेशींची भाषा

चिमूर हे नाव मराठी वाचकांच्या कानी विशेषेकरून पडले ते १९४२ साली. ऑगस्टची १६ तारीख होती आणि तिथी होती श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच जागे झालेले चांदा जिल्ह्यातील हे गाव त्या दिवशी रस्त्यावर आले. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गोळीस बळी पडला. सरकारी अधिकारीही मारले गेले. आणि मागाहून आलेल्या फौजेने गावातील स्त्रीपुरुषांवर जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीच्या मागणीसाठी प्राध्यापक भन्साळी यांस त्रेसष्ट दिवस उपोषण करावे लागले. ही कथा इतिहासात कायमची नोंदली गेली आहे व ती पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. आमचे लक्ष आज त्या दिवसाच्या तिथीकडे आहे.

नागपंचमीस शेतकरी नांगर धरीत नाही, जमीन खणीत नाही. गृहिणी त्या दिवशी चिरणे, कापणे, तळणे टाळतात आणि पाटावर काढलेल्या नागास दूधलाह्या वाहतात. हा सण श्रावणातच का यावा, ह्याचे उत्तर चिमूरच्या परिसरात शोधावयास दूर जावे लागत नाही. उमा नदीच्या काठचा हा मुलूख एका बाजूस ताडोबाच्या अरण्यास लागून आहे व दुसऱ्या बाजूस झाडीपट्टीच्या धानशेतीत मिळून गेला आहे. रोवणीच्या दिवसांत बांधी पाण्याने भरतात, उंदीर व बेडूक कोरड्या जागेच्या शोधात घराकडे सरकतात, आणि त्यांच्या पाठोपाठ साप येतात. ज्या घरांत माणसे भुईवर अंथरूण टाकून निजतात, त्या घरांत सापाची व माणसाची गाठ अंधारातच पडते. चंद्रपूर जिल्ह्यात आणि त्यातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात हे वर्षानुवर्षे चालत आले आहे.

महाराष्ट्रातील मृत्यूंस मुख्यत्वे चार साप कारण होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पैकी घोणस व फुरसे ह्यांचे विष प्रामुख्याने रक्तावर चालते. त्याची लक्षणे डोळ्यांस दिसतात. सूज येते, रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून व लघवीतून ते वाहू लागते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री चावते, आणि तिचे दात इतके बारीक असतात की निजलेल्या माणसास पुष्कळदा जागही येत नाही. दंशाच्या जागी सूज नाही, ठणका नाही. पहाटे पोटात दुखू लागते. घरचे लोक अजीर्ण समजून ओवा देतात. मग पापण्या जड होतात, त्या उघडू म्हटले तरी उघडत नाहीत; गिळता येत नाही, शब्द अडखळतात, हातापायांतील बळ जाते आणि अखेरीस छाती हलेनाशी होते. ह्यातील भयंकर गोष्ट ही की, माणूस बहुधा शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. भोवतालचा आक्रोश त्यास ऐकू येतो, फक्त उत्तर देता येत नाही.

दोन थेंबांहूनही कमी असे हे विष एवढ्या मोठ्या देहातील नेमकी कोणती वस्तू बिघडविते? रक्त शुद्ध, हृदय चालू, मेंदू जागा, स्नायू धडधाकट. मग श्वास का थांबावा? ह्या एका प्रश्नाच्या पाठीमागे लागून विज्ञानाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे शोधले, ते केवळ सापांपुरते राहिले नाही. देहातील असंख्य पेशी एकमेकींस निरोप कसे धाडतात, ते कोठे ऐकले जातात व ऐकल्यावर पेशी काय करते, हे सारे शास्त्र पुष्कळ अंशी विषांनीच माणसास शिकविले आहे. त्या शिकवणीचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहो.

आरंभ करावा लागतो तो दक्षिण अमेरिकेतील अरण्यवासीयांच्या बाणांपासून. तेथील लोक काही वेलींच्या सालीपासून कुरारे नावाचे विष काढून बाणांच्या टोकांस लावीत. बाण लागलेला पशू तडफडत नसे; तो मुकाट्याने खाली पडे व श्वास थांबून मरे. पॅरिस येथील विख्यात शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या विषाचा अभ्यास हाती घेतला. त्यांची युक्ती साधी व चोख होती. एका बेडकाच्या मागल्या पायाच्या रक्तवाहिन्या त्यांनी अशा बांधल्या की, रक्त त्या पायात जाऊ नये, परंतु मज्जातंतू मात्र मोकळा राहावा. मग बेडकास कुरारे दिले. सारा देह लुळा पडला. परंतु त्या लुळ्या पडलेल्या देहाच्या कातडीस चिमटा घेतला, तेव्हा तो बांधलेला पाय हलला! म्हणजे वेदना मेंदूकडे व पाठीच्या कण्याकडे जात होती आणि तेथून आज्ञाही सुटत होती. दुसऱ्या बाजूस, लुळ्या स्नायूस विजेचा धक्का प्रत्यक्ष दिला असता तोही आकुंचन पावत होता. मज्जातंतू शाबूत, स्नायू शाबूत. बिघाड होता तो दोहोंच्या सांध्यात. शुद्धीवर असलेल्या मण्यारदंशाच्या रोग्याचे कोडे ह्या बेडकाने अर्धे सोडविले होते.

ही तुलना आम्हीच आज करितो असे नव्हे. हिंदुस्थानातील विषारी सापांवर १८७२ साली मोठा ग्रंथ लिहिणारे जोसेफ फेयरर आणि लंडनचे औषधिशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन, ह्या दोघांनी त्याच दशकात नागाच्या विषाचे प्रयोग करून ते कुरारेप्रमाणेच मज्जातंतूच्या टोकांशी काम करिते, हे दाखवून दिले. अमेरिकेतील वेल आणि आपल्याकडील नाग. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेल्या ह्या दोन जीवांनी प्राणिदेहातील एकच मर्मस्थान हेरावे, ही गोष्ट विचारी मनास थबकविणारी आहे. तेथे काहीतरी विशेष असले पाहिजे. ते काय?

ह्याचे उत्तर केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १९०५ साली दिले. तंबाखूतील निकोटीन कोंबड्याच्या स्नायूवर टाकले की तो आखडतो, आणि कुरारे टाकले की तो आखडलेला स्नायू पुन्हा सैल होतो, असे त्यांस आढळले. विष मज्जातंतूच्या टोकावर चालत असेल, तर मज्जातंतू काढून टाकल्यावर हा खेळ थांबावयास हवा. म्हणून त्यांनी मज्जातंतू कापला व त्याची टोके पुरती झडून जाईपर्यंत वाट पाहिली. तरीही निकोटीनने स्नायू आखडला आणि कुरारेने सैल झाला. मज्जातंतूचे नावही उरले नसता हे घडते, त्या अर्थी ज्यावर ही द्रव्ये चिकटतात ती वस्तू स्नायूच्याच ठायी आहे. आणि वीज दिली असता स्नायू नेहमीप्रमाणे आखडतो, त्या अर्थी ती वस्तू आखडणाऱ्या भागाहून निराळी आहे. लँगली यांनी तीस ग्रहण करणारे द्रव्य असे नाव दिले. जर्मनीत पाऊल एर्लिक यांनी थोडे आधी, रोगजंतूंच्या विषांचा विचार करिता करिता, पेशीच्या अंगी कुलपासारखी स्थाने असली पाहिजेत व विशिष्ट किल्लीच तेथे बसत असली पाहिजे, अशी कल्पना मांडली होती. ह्या दोन विचारांच्या संगमातून आज ज्यास ग्राही म्हणतात ती कल्पना जन्मास आली. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही म्हणजे पेशीचा कान होय.

कान सापडला, परंतु बोलणारा कोण? मज्जातंतू स्नायूस जी आज्ञा देतो ती विजेच्या ठिणगीने देतो की रसायनाने, हा वाद पुढे कित्येक वर्षे गाजला. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी यांनी त्याचा निकाल लावणारा प्रयोग केला. प्रयोगाची रीत त्यांस स्वप्नात सुचली होती, असे ते स्वतः सांगत. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत केलेले टिपण सकाळी वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदये त्यांनी क्षारयुक्त पाण्यात जिवंत ठेविली. पहिल्या हृदयास जोडलेला मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले, आणि त्या हृदयातील पाणी दुसऱ्या हृदयात घातले. दुसऱ्या हृदयास कोणताही मज्जातंतू जोडलेला नव्हता. तरी तेही मंद झाले. निरोप पाण्यातून गेला होता. निरोप नेणारे ते द्रव्य ॲसिटिलकोलीन होय, हे हळूहळू निश्चित झाले, आणि तेच द्रव्य हातापायांच्या स्नायूंसही आज्ञा पोहोचविते, हे हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली लंडनमध्ये दाखविले. त्याच वर्षी लोवी व डेल यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, नाझींनी लोवी यांस ते ज्यू म्हणून कैदेत टाकले आणि पारितोषिकाची रक्कम हिसकावून घेतल्यावरच देशाबाहेर जाऊ दिले, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

ज्या १९४२ साली चिमूरला गोळ्या झाडल्या जात होत्या, त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅनडातील माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचे स्नायू सैल व्हावेत म्हणून शुद्ध केलेले कुरारे टोचले. बाणाचे विष वैद्याच्या हाती आले. आज पोटावरची मोठी शस्त्रक्रिया करिताना भूल देणारे डॉक्टर जी स्नायू सैल करणारी औषधे देतात, त्यांपैकी बरीचशी ह्याच वंशातील आहेत. आणि ती देताना रोग्याचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो, ह्याचे कारण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

एवढे होऊनही ग्राही ही वस्तू कोणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. ती मानल्याने प्रयोगांचा अर्थ लागत होता इतकेच. ती हाती लागली ती मण्यारीच्या कृपेने. तैवान बेटावर पट्टेरी मण्यारीची एक जात आहे. तेथील चांग चुआन-चिउंग व ली चेन-युआन यांनी १९६३ साली तिच्या विषातील घटक वेगळे केले व मण्यारीच्या शास्त्रीय नावावरून त्यांस बंगॅरोटॉक्सिन असे नाव दिले. त्यातील अल्फा नावाचा घटक स्नायूवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीस असा घट्ट चिकटतो की, तो सुटता सुटत नाही. मासळी पकडण्यास गळ हवा असतो; शास्त्रज्ञांस हा गळ आयताच मिळाला. विजेचा धक्का देणाऱ्या माशांच्या अंगी ह्या ग्राहींची रास असते. त्या माशांच्या वीजपेशींतून १९७० च्या सुमारास पॅरिसचे झाँ-पिएर शांझू यांनी ली यांच्या साहाय्याने, व लंडनमध्ये रिकार्दो मिलेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ह्या विषाच्या गळाने ग्राही बाहेर ओढून काढली. लँगली यांचे अनुमान पासष्ट वर्षांनी परीक्षानळीत उतरले.

आता ह्या कानाची रचना पाहू. ॲसिटिलकोलीनची ग्राही पाच प्रथिनांची मिळून झालेली असते व ती पाच प्रथिने पाकळ्यांप्रमाणे एका मधल्या छिद्राभोवती उभी असतात. एरवी छिद्र बंद असते. मज्जातंतूचे टोक व स्नायू ह्यांमधील फट सुमारे एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी असते. आज्ञा येताच तंतूच्या टोकातील बारीक पिशव्या फुटून ॲसिटिलकोलीन त्या फटीत ओतले जाते. त्याचे दोन रेणू ग्राहीच्या दोन ठरावीक जागी बसले की छिद्र उघडते, बाहेरील सोडियमचे कण आत घुसतात, स्नायूत विजेची लहर उठते व तो आखडतो. काम होताच जवळच तयार असलेला एक विकर ॲसिटिलकोलीनचे तुकडे करून टाकतो, म्हणजे पुढच्या आज्ञेस जागा मोकळी. हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही सहस्रांशांत आटोपतो. आपण घेतलेला प्रत्येक श्वास, वाचकांनी ह्या ओळीवरून फिरविलेली दृष्टी, ही ह्याच व्यवहारावर चालली आहे. नागाचे विष त्या ठरावीक जागी जाऊन बसते, परंतु छिद्र उघडीत नाही. किल्ली कुलपात मोडून बसावी तसा प्रकार होतो. खरी किल्ली हातात असून दार बंदच राहते.

येथे नाग व मण्यार ह्यांमधील एक भेद सांगितला पाहिजे, कारण त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. नागाच्या विषाचा मुख्य मारा ऐकणाऱ्यावर, म्हणजे ग्राहीवर, असतो. म्हणून ॲसिटिलकोलीनचे तुकडे करणाऱ्या विकरास निओस्टिग्मीन ह्या औषधाने थोपविले, तर निरोपाचे द्रव्य फटीत साचते, मोकळ्या राहिलेल्या ग्राहींस ते वारंवार भेटते व पुष्कळ रोग्यांच्या पापण्या उचलू लागतात. मण्यारीच्या विषात ग्राही बंद करणारा घटक असतोच, परंतु त्याखेरीज दुसरा, बीटा जातीचा घटक असतो आणि तो बोलणाऱ्याच्याच मुळावर येतो. मज्जातंतूच्या टोकातील त्या बारीक पिशव्या रित्या होतात व टोकेच नष्ट होतात. जेथे निरोपच सुटत नाही, तेथे निरोप साचविणारे औषध काय करणार? झडलेली टोके पुन्हा उगवावयास दिवस, कधी आठवडे लागतात. ती उगवतात, ही मात्र मोठी आशेची गोष्ट आहे. तोवर कोणी यंत्राने श्वास चालविला, तर मण्यारीने चावलेला माणूस उठून चालत घरी जातो.

विषावरील मुख्य उपाय म्हणजे प्रतिविष. १८९४-९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत प्रभृतींनी तो शोधून काढला. घोड्यास विषाच्या वाढत्या मात्रा टोचावयाच्या, म्हणजे त्याच्या रक्तात विषास धरून निकामी करणारी प्रथिने तयार होतात. ती काढून रोग्यास द्यावयाची. मुंबईस परळ येथे वाल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या व १९२५ पासून त्यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने ह्या कामात मोठा वाटा उचलला. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही विषांवर एकत्र बनविलेले असते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ व आणखी एखादा जीव घालविण्याची गरज नसते. परंतु प्रतिविष जे करू शकते, ते रक्तात अद्याप हिंडणाऱ्या विषापुरतेच. तंतूच्या टोकात शिरून ज्याने आपले काम उरकले, त्या विषास ते परत बोलावू शकत नाही. मण्यारीच्या दंशात पहिल्या काही तासांचे मोल एवढे का, हे ह्यावरून कळेल.

ह्याच ठिकाणी मुंगसाची गोष्ट सांगावीशी वाटते. मुंगूस नागाशी झुंजताना मध्येच पळून जाऊन एक औषधी वनस्पती खाऊन येते, आणि म्हणून त्यास विष बाधत नाही, असा समज आपल्या खेड्यांत फार जुना आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील सारा फुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंगसाच्या स्नायूतील ग्राही तपासली. १९९२ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, विष जेथे बसावयाचे नेमक्या त्या जागी मुंगसाच्या ग्राहीची घडण थोडी पालटलेली आहे. तेथे साखरेच्या रेणूंचा एक गुच्छ वाढला आहे व त्यामुळे नागाच्या विषास बसावयास जागा मिळत नाही, परंतु लहानशा ॲसिटिलकोलीनची वाट अडत नाही. स्वतः नागाच्या ग्राहीवरही असाच गुच्छ असतो. मारणारा व त्यास मारणारा, दोघांनीही निसर्गाच्या दीर्घ परीक्षेत एकच उत्तर लिहिले. वनस्पतीची गोष्ट खोटी ठरली, परंतु मुंगसाचे संरक्षण खरे ठरले. आणि ते त्याच्या पोटात नसून पेशींच्या कानांत निघाले.

आतापर्यंत आम्ही पेशींच्या एकाच प्रकारच्या कानाविषयी बोललो. दुसऱ्या प्रकारचा कान निराळ्या रीतीने काम करितो, आणि त्याचा महाराष्ट्रातील अध्याय ह्याहून रोमहर्षक आहे. भीतीच्या किंवा संतापाच्या वेळी मूत्रपिंडावरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन सुटते व त्याचा भाऊबंद नॉरॲड्रिनॅलिन मज्जातंतूंच्या टोकांतून सुटतो. ह्या द्रव्यांनी कातडीकडील रक्तवाहिन्या आवळतात, परंतु श्वासनलिका सैल होतात. एकाच हाकेस दोन पेशी दोन तऱ्हेने ओ देतात. असे का, ह्याचा उलगडा अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली केला. हाक एकच असली तरी कान दोन जातींचे आहेत, असे त्यांनी म्हटले व त्यांस अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. म्हणजे रसायनास स्वतःचा असा अर्थ नसतो. अर्थ ऐकणाऱ्या पेशीत असतो.

हे कान छिद्र उघडीत नाहीत. ते निरोप पेशीच्या आत दुसऱ्यांच्या हाती देतात. आत निराळेच रसायन तयार होते व तेच पेशीस कामास लावते, हे अर्ल सदरलँड यांनी १९५० नंतरच्या दशकात यकृताच्या पेशींवर दाखविले. बाहेरचा कान व आतील कारखाना ह्यांमधील दलाल प्रथिने पुढे मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांनी उजेडात आणिली. दाराशी आलेला एक पाहुणा घरात दहांस जागे करितो, ते दहा शंभरांस. म्हणून चिमूटभर संप्रेरकाने सारा देह हलतो. ह्या जातीच्या ग्राहींची घडण उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांस २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज वापरात असलेल्या औषधांचा फार मोठा हिस्सा ह्याच ग्राहींवर चालतो.

आता महाराष्ट्रातील अध्याय. कोकणात तांबडा विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, मरत असत. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले व नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा ह्या दंशावर निश्चित उपाय कोणासच ठाऊक नव्हता. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले: घामाने निथळणारा देह, बर्फासारखे गार पडलेले हातपाय, प्रथम चढणारा रक्तदाब, मग थकत जाणारे हृदय आणि शेवटी फुप्फुसांत भरणारे पाणी. ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट ह्या मासिकपंक्तीतील अग्रगण्य साप्ताहिकात छापली गेली. विंचवाचे विष ग्राहीस बंद करीत नाही. ते मज्जातंतूंस बेफाम करून ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर सोडते. पेशींच्या कानांशी अखंड आरोळी चालू राहते. पूर आवरता येत नसेल तर कान झाकावे, हा विचार सरळ आहे. पण कोणता कान? बीटा कान झाकले तर अल्फाचा जोर मोकळा सुटतो व रोग्याची स्थिती आणखी बिघडते. रक्तवाहिन्या आवळणारा कान अल्फा होय. रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसीन हे स्वस्त औषध तोच कान झाकते. बावस्करांनी १९८३ च्या सुमारास ते वापरण्यास आरंभ केला व १९८६ साली त्याचे फळ लॅन्सेटमधून जगास कळविले. गंभीर रोग्यांत पूर्वी शंभरांत तीस-चाळीस दगावत, तेथे हे प्रमाण एक-दोनांवर आले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आल्क्विस्ट यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळेत केलेला अल्फा-बीटा हा कोरडा वाटणारा भेद कोकणातील झोपडीत मुलांचे प्राण वाचवून गेला, ह्याहून विद्येची दुसरी सार्थकता ती काय!

मण्यारीच्या विषानेही असे उपकार केले आहेत. काही माणसांच्या पापण्या व स्नायू हळूहळू दुबळे होतात, तो मायस्थेनिया नावाचा रोग. त्याची लक्षणे कुरारेच्या बाधेसारखी आहेत हे ध्यानी घेऊन लंडनच्या मेरी वॉकर यांनी १९३४ साली विकरास थोपविणारे औषध देऊन पाहिले व रोग्यास उतार पडला. परंतु मूळ दोष १९७३ साली कळला. मण्यारीच्या विषास किरणोत्सारी खूण लावून अमेरिकेतील संशोधकांनी रोग्यांच्या स्नायूंवरील ग्राही मोजल्या, तेव्हा त्या निरोगी माणसाच्या मानाने फारच थोड्या भरल्या. देहाची स्वसंरक्षक प्रथिने आपल्याच ग्राहींवर उलटतात, हे त्यावरून निष्पन्न झाले.

असा हा इतिहास आहे. परंतु ह्या विद्येची जेथे सर्वांत अधिक गरज, तेथे ती किती पोहोचली, हा प्रश्न केल्यावाचून लेख संपविणे आम्हांस उचित वाटत नाही. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. भारत सरकारने २०२४ साली हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. गडचिरोलीच्या अरण्यात हेमलकसा येथे १९७३ पासून प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्याने सर्पदंशाच्या रोग्यांस आसरा दिला आहे. परंतु एका दवाखान्याने अरण्य भरत नाही.

मांत्रिकाकडे रोगी नेणाऱ्यांस हसणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. अशी माणसे मंत्राने बरी झालेली गाव आपल्या डोळ्यांनी पाहतो. जो मेला त्याचे आयुष्यच सरले होते, असे म्हटले की मंत्राची पत राहते. गावाचा हा अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. आणि जे तास त्यात जातात तेच मण्यारीच्या विषास हवे असतात. दंश झालेला माणूस शांत ठेवावा, अंग फार हलू देऊ नये, चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये व थेट रुग्णालय गाठावे. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटू लागल्या आणि तो पावसाळा असेल, तर अंगावर दात दिसोत वा न दिसोत, मण्यारीची शंका घ्यावी. खाटेवर निजावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्यावी, रात्री उजेडावाचून पाऊल टाकू नये. आणि ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात प्रतिविषाबरोबर श्वास चालविणारे यंत्र व ते चालविणारी माणसे आहेत की नाहीत, हे श्रावण येण्याआधी पाहावे.

पापण्या मिटलेला, न बोलणारा, न हलणारा जो माणूस बैलगाडीत किंवा जीपगाडीत घालून आणिला जातो, तो बहुधा सर्व ऐकत असतो. तो गेला असे समजून त्याच्या भोवती रडू नये. त्याच्या पेशींमधील बोलणे थांबले आहे, ते पुन्हा सुरू होऊ शकते. तोवर त्याच्या छातीत कोणीतरी हवा भरीत राहिले पाहिजे.